इथं करमतं का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत एक मुलगी पाहणीसाठी आली होती. समाजकार्याचं शिक्षण घेणारी. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील अर्जांचा गठ्ठा. तिला साठीपुढच्या माणसांशी बोलायचं होतं. शेजारच्या आक्का आणि मी जिन्याखालच्या बाकावर मेथी निवडत बसलो होतो, म्हणून आमचा नंबर आधी लागला. नाव, वय, औषधं कोणती, मुलं कुठं असतात, हे सगळं झाल्यावर तिनं वाचलं, 'गेल्या महिनाभरात आपणांस किती वेळा एकाकी वाटले? कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी.' आक्कांनी मेथीवरची नजरही न काढता सांगितलं, "कधीच नाही." मुलीनं चौकटीत खूण केली आणि पान उलटलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला आक्का माझ्या दारात. "बाई, जरा येऊन बसू का ओ? घर खायला उठलंय आज."

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आमच्या शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक होता. दर जूनला नवीन मुलांना मी तो आधी कडुनिंबाखाली ठेवायला लावायची आणि मग मोकळ्या पटांगणात. एकाच पावसाचे दोन आकडे यायचे. मुलं गोंधळायची. पाऊस तोच, भांडं तेच, फक्त ठेवायची जागा चुकली की आकडा खोटा होतो, हे त्यांना एकदा दिसलं की मग वर्षभर सांगावं लागत नसे. त्या संध्याकाळी आक्का माझ्याकडे चहा घेत बसल्या होत्या, तेव्हा मला तो कडुनिंबाखालचा पर्जन्यमापक आठवला. आक्का खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्न चुकीच्या ठिकाणी ठेवला होता.

'एकाकी' हा शब्द आक्कांच्या तोंडात नाही. तो पुस्तकातला शब्द आहे, आणि त्यात थोडी लाज मिसळलेली आहे. एकाकी म्हणजे ज्याला कुणी नाही तो. आक्कांचा मुलगा हिंजवडीत आहे, मुलगी हैदराबादला आहे, रोज रात्री फोन येतो. मग परक्या पोरीसमोर 'मला कुणी नाही' असं त्या कशाला म्हणतील? तो मुलांवर ठपका झाला असता. पण त्याच मुलीनं 'आक्का, इथं करमतं का ओ तुम्हाला?' असं विचारलं असतं, तर मेथी बाजूला ठेवून त्या अर्धा तास बोलल्या असत्या.

करमणं. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. 'करमत नाही' म्हणताना कुणावर दोष येत नाही. मी काही केलं नाही, तुम्ही काही केलं नाही, मला करमत नाही एवढंच. आणि या शब्दाला जवळजवळ नेहमी एक जागा चिकटलेली असते. पुण्यात करमत नाही, फ्लॅटमध्ये करमत नाही, माहेरी करमतं, शेतात करमतं. जीव कुठं रमतो आणि कुठं रमत नाही, हे माणूस आणि जागा वेगळी न करता सांगणारा शब्द आपल्या आजी-पणजीपासून वापरात आहे. सोलापुरात तर चार भाषांत ही तक्रार ऐकू येते. पूर्व भागातल्या तेलुगू बाया 'पोद्दु पोदु' म्हणतात, वेळ जात नाही. कन्नड घरांत 'ब्यासर'. बेगम पेठेत 'जी नै लगता'. यातल्या एकाही बाईच्या तोंडून मी 'एकाकी' ऐकलेलं नाही. दुसरीकडे एकांत हा शब्दही आपल्याकडे आहे, आणि तो माणसं मागून घेतात, त्यासाठी घराबाहेर पडतात. एकटं असणं आणि न करमणं यांत किती अंतर आहे, हे आपल्या भाषेला पक्कं माहीत आहे. पाहणीच्या अर्जाला ते माहीत नाही.

या विषयाचं मोजमाप जगात बऱ्याच वर्षांपासून चाललं आहे, आणि त्यातली जाणती माणसं हीच अडचण ओळखून होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत 1978 साली एकटेपणा मोजण्याची वीस प्रश्नांची पट्टी तयार झाली. पुढं 2004 साली त्यातून तीन प्रश्नांची छोटी पट्टी काढली गेली. सोबतीची उणीव भासते का, आपल्याला वगळलं जातं असं वाटतं का, इतरांपासून तुटल्यासारखं वाटतं का, एवढेच तीन प्रश्न. त्यांत 'तुम्ही एकाकी आहात का' असं थेट विचारलेलं नाही, कारण ते विचारलं की माणसं आक्कांसारखीच 'कधीच नाही' म्हणतात. नेदरलँड्समध्ये 1985 साली झालेली दुसरी पट्टी जिवाभावाचं माणूस नसणं आणि चारचौघांची ऊठबस नसणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजते. आपल्या देशातही मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून जास्त माणसांची मोठी पाहणी केली, तिच्यात मन:स्थितीच्या प्रश्नांत एकटं वाटण्याचाही प्रश्न होता. म्हणजे विचारायला सुरुवात झाली आहे. पण अशा पट्ट्या परभाषेत घडतात आणि मग मराठीत उतरतात. उतरताना 'करमणं' वाटेत सांडतं.

कुणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, आपल्याकडे घरं भरलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेचा जून 2025 मधला अहवाल उलट सांगतो. जगात दर सहा माणसांमागं एकाला एकटेपणा भोगावा लागतो, आणि गरीब देशांत हे प्रमाण 24 टक्क्यांच्या आसपास, तर श्रीमंत देशांत 11 टक्क्यांच्या आसपास आहे. एकटेपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला 8 लाख 71 हजार धरले आहेत, म्हणजे तासाला शंभर. सोलापूरकरांनी तर याला चोचले म्हणूच नये. आपल्या शहरातली किती मुलं शिकून पुण्याला गेली, ते सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला स्टेशनवर उभं राहून बघावं. सुटी संपवून निघालेलं पोर डब्यात, आणि फलाटावर डोळे पुसणारी आई. गाडी हलली की तिला ज्या घरी परतायचं असतं, त्या घराबद्दल मी लिहिते आहे.

माझं घरही तसंच. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पहिले सहा महिने माणसांची ये-जा होती, तेव्हा काही कळलं नाही. सातव्या महिन्यात एका दुपारी लक्षात आलं की सकाळपासून माझा आवाज मी ऐकलेला नाही. भूगोलाच्या बाईला नोंदी ठेवायची सवय. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या चौकटीत मी दुधाचा हिशेब लिहायची, तिथं कोपऱ्यात रोज रात्री एक आकडा लिहायला लागले. आज किती करमलं, दहापैकी. आणि खाली एक अक्षर. घ म्हणजे घरीच, त म्हणजे तलाव, व म्हणजे वनविहार, ल म्हणजे लग्नकार्य, पाहुणे वगैरे. पुढं त्यात भर पडली. एकटी गेले तर अक्षराखाली एक टिंब, कुणाबरोबर गेले तर दोन.

त्यातून कळलेलं जसंच्या तसं सांगते. ही एका बाईची दिनदर्शिका आहे, अभ्यास नव्हे. घरी राहिले त्या दिवसांचे आकडे तीन-चारच्या वर क्वचित जातात, हे अपेक्षितच होतं. नवल वाटलं ते लग्नाच्या दिवसांचं. मंगल कार्यालयात पाचशे माणसं, ओळखीचे निम्मे, जेवण उत्तम, आणि रात्रीचा आकडा दोन. घरी बसले असते तर बरं, असं वाटायला लावणारे दोन. कंबर तलावाला एकटी गेलेल्या दिवशी सहा, पण ते सहा सकाळचे. दहा वाजता कुलूप उघडून आत आलं की ते उतरत जायचे, म्हणून मी एकाऐवजी दोन आकडे लिहायला लागले, सकाळचा आणि रात्रीचा. आणि आक्कांना घेऊन तलावाला गेले, बाकावर बसलो, त्यांनी बगळे मोजले, त्यावरून आमची हुज्जत झाली, त्या दिवसाचा आकडा रात्रीपर्यंत टिकायचा. सात. कधी आठ. सिद्धेश्वर वनविहारातही तसंच. झाडं तीच, वाट तीच. दोन टिंबांचा दिवस झोपेपर्यंत पुरायचा.

पुढं माझ्या एका विद्यार्थ्यानं, तो आता मानसशास्त्र शिकवतो, मला लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या संशोधकांचं काम समजावून सांगितलं. त्यांनी 2018 ते 2020 या काळात 756 माणसांच्या मोबाइलवर दोन आठवडे, दिवसातून तीन वेळा प्रश्न पाठवले. आत्ता एकटं वाटतं का? भोवती गर्दी वाटते का? आत्ता झाड दिसतं का, आभाळ दिसतं का, पाखरांचा आवाज येतो का? आपल्या माणसांत आहोत असं वाटतं का? गर्दी वाटली की एकटेपणा 39 टक्क्यांनी वाढला. झाड, आभाळ, पाखरं यांच्या सहवासात तो 28 टक्क्यांनी उतरला. आपल्या माणसांत असल्याच्या भावनेनं 21 टक्क्यांनी उतरला, आणि त्याच वेळी निसर्गही भोवती असला तर आणखी 18 टक्क्यांचा गुण आला. मी दिनदर्शिका काढून त्याच्यासमोर ठेवली. मंगल कार्यालयातले दोन आणि आक्कांबरोबरचे सात त्या चौकटींत होते.

मला त्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग वाटला तो 'आत्ता' हा शब्द. महिनाभराचं विचारलं की माणूस हिशेब करतो, मुलांची अब्रू सांभाळतो, देवाला दूषण नको म्हणतो. आत्ताचं विचारलं की खरं सांगतो. पाऊसही रोज सकाळी ठरल्या वेळी मोजतात. महिन्याच्या शेवटी 'साधारण किती पडला' असं कुणी विचारत नाही.

यात एक जुनी शंका आहे आणि ती रास्त आहे. बागेत येतात ती मुळात धडधाकट, हौशी, चार मित्र असलेली माणसं. ज्याचे गुडघे गेले, ज्याला कुणी नाही, तो दाराबाहेरच पडत नाही. मग बागेतल्या माणसांना विचारून 'बागेनं एकटेपणा जातो' म्हणणं म्हणजे दवाखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्यांना विचारून गावाची तब्येत ठरवण्यासारखं. ऑस्ट्रेलियात या शंकेला काहीसं उत्तर मिळालं. तिथं शहरांतल्या हजारो माणसांना एकदाच विचारून थांबले नाहीत; तीच माणसं पुढच्या वर्षांत पुन्हा गाठली. घरापासून दीड-पावणेदोन किलोमीटरच्या आत 30 टक्के किंवा जास्त हिरवळ असलेल्यांत नव्यानं एकटेपण येण्याची शक्यता, 10 टक्क्यांहून कमी हिरवळीत राहणाऱ्यांपेक्षा 26 टक्क्यांनी कमी निघाली. घरात एकटं राहणाऱ्यांत तर निम्म्याहून कमी. तरीही झाडं लावणाऱ्या वस्त्या मुळात सुखवस्तू असतात, ही शंका पुरती मिटत नाही. म्हणून 2021 साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात बार्सिलोना, प्राग, हेलसिंकी अशा शहरांत माणसांचे गट पाडून तुलना करायचं ठरलं: काहींना ठरावीक आठवडे गटानं बागेत, रानात, मळ्यात न्यायचं, काहींना नाही, आणि दोन्ही गटांना विचारायचं. हेलसिंकीत वृद्धनिवासातली माणसं या प्रयोगात होती. आधी, मध्ये आणि नंतर विचारायचं. मोजायचं तर असं.

पण हा प्रयोग उचलून सोलापुरात आणायचा तर एक मोठा खड्डा आहे, आणि भूगोलाची बाई म्हणून मला त्याबद्दल बोलायलाच हवं. या अभ्यासांत 'निसर्ग' म्हणजे बहुतेक वेळा हिरवा रंग. तो बरेचदा उपग्रहावरून मोजतात. पानांतलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त परत फेकतं. त्या दोन्हींच्या फरकावरून किती हिरवळ आहे याचा आकडा निघतो. सह्याद्रीत तो आकडा बरोबर येईल. आमच्याकडे काय येईल? सोलापूर पर्जन्यछायेतलं. जिल्ह्यात वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. आमचं रान म्हणजे जंगल नव्हे, माळ. पावसानंतर दोन-तीन महिने हिरवा, मग सोनेरी, मग तांबूस, मग मातीच्या रंगाचा. उपग्रहाला मार्चमधला आमचा माळ उघडाबोडका दिसतो, आणि सरकारी कागदांत अशा जमिनीची गणती बरेचदा पडीकमध्ये होते. त्याच माळावर नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. तिथं काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक आणि चंडोल आहेत. हिवाळ्यातल्या सकाळी त्या गवतात उभं राहून चंडोलाचं गाणं ऐकलेल्या माणसाला 'ही जमीन पडीक' असं सांगून बघा. हिरव्या रंगानं सोलापूर मोजलं, तर आपण कायमचे नापास. आणि मग उपाय म्हणून काय येणार? पाणी पिणारी हिरवळ, पाणीटंचाई सोसलेल्या शहरात.

म्हणून आपलं माप आपण ठरवायला हवं. सावली मोजा. मोकळं आभाळ किती दिसतं ते मोजा. पाखरं ऐकू येतात का ते मोजा. पाणी दिसतं का ते मोजा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावासाठी तलाव खोदवला, लोकांच्या श्रमातून. आज त्या पाण्याच्या काठावर किल्ल्याच्या भिंतीची सावली बघत माणसं चुरमुरे खात बसतात आणि अनोळखी माणसाला 'पाऊस नाही ओ यंदा' म्हणून बोलतं करतात. उपग्रहाला तो काठ हिरवा दिसत नाही. तिथं करमतं.

निसर्ग आणि माणसं एकत्र आली की गुण येतो, हे कळायला आपल्याला परदेशी प्रयोगाची वाट बघायची गरज नव्हती, असं मला वेळ अमावास्येच्या दिवशी दरवर्षी वाटतं. मार्गशीर्षातली अमावास्या. सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या गावांत त्या दिवशी घरी कुणी थांबत नाही असं म्हटलं तरी चालेल. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोपी घालायची, पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. त्या सणाची माझ्या मते सगळ्यात शहाणी रीत अशी की ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं बोलवायचं. बोलावणं घरी येऊन द्यायचं. कुणी शहरात फ्लॅटमध्ये एकटं आहे, त्याला आधी.

गेल्या वेळ अमावास्येला आक्कांच्या भावाचं बोलावणं होतं, मंद्रूपकडच्या शेतात. आक्का पाय दुखतात म्हणून नको म्हणत होत्या, भाच्यानं गाडी पाठवली. शाळू छातीएवढा होता. आक्का कोपीच्या सावलीत घोंगडीवर बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला, कुणाचा कोण ते विचारून, आंबील वाढू लागल्या. मातीच्या लोटक्यातली, ताकात आंबवलेली, वरून लसणाचा वास. दुपार कलली. घरी निघायचं म्हणून आम्ही बांधावर आलो, तर पश्चिमेकडून भोरड्यांचा थवा आला. हजारांत मोजावा असा. गुलाबी अंगाच्या, काळ्या पंखांच्या त्या पाखरांचा एक काळा ढग शाळवावर उतरला, उठला, वळला, आणि वळताना सगळा ढग एकदम विरळ होऊन पुन्हा दाट झाला. शेतकऱ्याचं त्यात नुकसान असतं. भाच्यानं पत्र्याचा डबा बडवायला घेतला. आक्का मात्र माझा दंड धरून उभ्या. त्यांच्या बोटांची पकड मला अजून जाणवते. पाचेक मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे असताना ह्येच बघायला नेत होते मला. सायकलवर."

मी आक्कांना सहा वर्षं ओळखते. त्यांच्या मालकांबद्दल त्या पहिल्यांदा बोलल्या.

आता ज्यांना हे मिळत नाही त्यांच्याबद्दल. माझ्या शाळेत पूर्व भागातल्या मुली यायच्या. त्यांच्या आया घरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, मान खाली, हजार विड्यांचा हिशेब. जुन्या चाळीत या बाया ओट्यावर गोल करून बसायच्या. काम तेच, पण तोंडं एकमेकींकडे. पुढं कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली, 2006 साली घरं ताब्यात मिळाली, नंतर रे नगर उभं राहिलं, तिथल्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. हक्काचं पक्कं घर ही या बायांनी लढून मिळवलेली फार मोठी गोष्ट आहे, तिला माझा नमस्कार. पण घरांबरोबर ओटा आला का, सावली आली का, दुपारी सूप घेऊन चौघींना बसता येईल असं झाड आलं का? हे विचारायला कुठल्या रकान्यात जागा आहे? 'आठवड्यातून किती तास निसर्गात घालवता?' हा प्रश्न विडी वळणाऱ्या बाईला विचारणं मला चुकीचं वाटतं. तिचा निसर्ग तिच्या उंबऱ्याशी यायला हवा, कारण तिला हजार विड्या सोडून उठता येत नाही. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार माणसांच्या 2019 मधल्या अभ्यासातून आठवड्याला 120 मिनिटांचा आकडा निघाला आणि तो सगळीकडे सांगितला जातो. तो आकडा त्यांच्या फावल्या वेळातल्या फेरफटक्यांतून निघाला आहे. इथं एप्रिल-मे मध्ये पारा 43-44 वर जातो. सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर बसणं म्हणजे आजारपण ओढवून घेणं. आमच्या शहरातल्या एका बागेचं फाटक मला सकाळी नऊला बंद मिळालं आणि दुसरीकडे संध्याकाळी दिवे नव्हते, म्हणून बाया सातच्या आत परतत होत्या. उरल्या वेळात आम्ही जायचं कधी? आणि स्वच्छतागृह नसेल तर साठीतली बाई तासभर घराबाहेर राहू शकत नाही, हे साधं आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

माझी मागणी एकच आहे आणि ती महागडी नाही. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार नागरी भागातल्या झाडांची दर पाच वर्षांनी गणना करायची असते. माणसं गल्लोगल्ली फिरतात, झाडाची जात, घेर, उंची, वय लिहितात. मग त्याच कागदावर चार रकाने वाढवा. या झाडाखाली बसायला जागा आहे का. आत्ता कुणी बसलं आहे का. किती बाया, किती म्हातारी माणसं. आणि बसलेल्यापैकी एकाला, त्याच्या भाषेत, एक प्रश्न: इथं करमतं का? 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं असलेलं हे शहर आहे. त्यातल्या प्रत्येक झाडाखाली माणूस मिळणार नाही. पण जिथं मिळेल तिथं उत्तर मिळेल, आणि जिथं झाड आहे पण माणूस नाही, तिथं का नाही हे कळेल. कुंपण आहे, उकिरडा आहे, अंधार आहे, की नुसता बाक नाही. हिवाळ्यात एकदा विचारा, मे महिन्यात एकदा विचारा. आपल्या महाविद्यालयांत समाजकार्य शिकणारी मुलं आहेत, विद्यापीठ आहे, त्यांना हे काम द्या. आणि जे दाराबाहेर पडतच नाहीत, त्यांच्या दारी जाऊन विचारा, कारण बागेतल्या माणसांचा आकडा त्यांच्यावाचून अपुरा आहे.

किती झाडं लावली याचे फलक मी दर जुलैला वाचते. फलकावर झाडांचा आकडा असतो, पुढच्या जुलैपर्यंत जगलेल्यांचा नसतो, आणि त्यांच्या सावलीत बसलेल्यांचा तर कधीच नसतो. ज्याचा आकडा नाही त्याला अंदाजपत्रकात पैसा नाही. पाठीला टेकायचा बाक, एक दिवा, एक नळ, एक स्वच्छतागृह, एवढ्यासाठी आम्हाला आकडा हवा आहे.

वेळ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी माझ्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका पहिल्यांदा नीट बघितली. हे काय लिहिता, म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी कालच्या चौकटीवर बोट ठेवलं. माझा आकडा तिथं नऊ होता.

"माझा बी लिवा," म्हणाल्या. "काल धा. आज अजून म्हाईत नाही. संध्याकाळी सांगते."

त्या दिवसापासून चौकटीत दोन आकडे असतात. आज सकाळी आक्कांचा चार आहे. गुडघा सुजलाय. साडेपाचला ऊन उतरलं की त्यांना रिक्षानं तलावावर नेणार आहे.